दिंडीतून एसएमएस करून फेसबुक पेजवर पोस्ट टाकता येईल का?

रामकृष्णहरी माउली.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची दिंडी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालते. दिंडीचं फेसबुक पेज आहे आणि वारीच्या दिवसांत गावाकडची, मुंबईची मंडळी त्यावर लक्ष ठेवून असतात. दिवे घाटात, नीरेच्या काठी, रिंगणाच्या ठिकाणी इंटरनेट चालत नाही, पण साधा एसएमएस जातो. दिंडीचा कारभार पाहणाऱ्या काकांकडे बटणांचा फोन आहे. पूर्वी ५३००० या नंबरवर एसएमएस केला की ट्विटरवर पोस्ट व्हायची, तसं आता फेसबुकवर जमेल का? शिवाय मस्कतला असलेल्या तुमच्या मुलाला ते वाचता यायला हवं, आणि फोटोही टाकता येतील का, हेही तुम्ही विचारलंत.

फोनवरून थेट फेसबुकला एसएमएस करून पोस्ट टाकायची सोय आता नाही. पण तुमचं काम एसएमएसवर होऊ शकतं, आणि फारसा खर्चही नाही. मी बरीच वर्षं एसएमएस गेटवेच्या, म्हणजे संगणकावरून एकदम अनेकांना एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेच्या कामात आहे: साखर कारखान्यांचे उसाच्या वजनाचे मेसेज, बाजार समित्यांचे भाव, असलं सगळं. वारीच्या दिवसांत ओळखीच्या दिंड्यांनाही अशी व्यवस्था लावून दिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी जुनी सोय का गेली ते सांगतो, कारण नवी व्यवस्था कशी असावी हे त्यावरच ठरतं. २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं तेच मुळी एसएमएसवर. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. त्यातली २० नावासाठी राखली आणि उरलेली १४० मजकुराला दिली. आपल्याकडे ऑक्टोबर २००९ मध्ये एअरटेलवर ५३००० हा नंबर सुरू झाला. फेसबुकचीही एसएमएसची सोय होती, आणि *३२५# डायल करून इंटरनेटशिवाय फेसबुक वापरता यायचं. त्या काळात स्वस्त फोनवर हेच मोठं दार होतं.

ते बंद व्हायला मुख्य कारण सुरक्षेचं. एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो, पण तो नंबर म्हणजे पुरावा नव्हे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहावं, तसा तो नंबर योग्य साधनं असणाऱ्याला खोटा घालता येतो. डिसेंबर २०१२ मध्येच हे उघडपणे दाखवून दिलं गेलं होतं. मग ३० ऑगस्ट २०१९ ला खुद्द ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डोर्सी यांच्या खात्यावरून भलत्याच पोस्ट पडल्या. त्यांचा मोबाईल नंबर दुसऱ्यांच्या हाती गेला होता आणि त्या लोकांना पासवर्डची गरजच पडली नाही, नुसते एसएमएस केले. पाच दिवसांत ट्विटरने एसएमएसने लिहिण्याची सोय थांबवली, आणि एप्रिल २०२० मध्ये बहुतेक देशांतली एसएमएस सेवाच आवरती घेतली. त्यामुळे हे दार पुन्हा उघडेल याची वाट पाहू नका. स्वतःची व्यवस्था करतानाही नंबरवर आंधळा विश्वास टाकायचा नाही, एवढं त्यातून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाची फोड करू. ‘पोस्ट कशी टाकायची’ यात दोन कामं एकत्र झाली आहेत. एक, गर्दीतून मजकूर बाहेर काढणं. दोन, तो पेजवर चढवणं. पहिलं काम दिंडीतल्या माणसालाच करावं लागणार, कारण बातमी त्याच्याकडे आहे. दुसरं काम जिथे वायफाय आहे तिथे बसलेल्या कुणालाही करता येतं. ही दोन कामं वेगळी केली की बटणांचा फोन पुरेसा ठरतो.

गर्दीत डेटा अडतो आणि एसएमएस निघतो याचं कारण साधं आहे. एकाच टॉवरवर हजारो फोन फोटो, रील आणि व्हिडिओ कॉल ओढत असतात. डेटाची जागा इतक्या जणांत वाटली जाते की कुणालाच पुरत नाही. एसएमएसला ती जागा लागत नाही. फोन आणि टॉवर एकमेकांशी जे संकेत बोलतात, त्यांच्याच वाहिनीवरून तो जातो, आणि त्याचा आकार असतो फक्त १४० बाइट. फोरजीवरही कॉल आणि एसएमएसच्या संकेतांना वेगळी, प्राधान्याची वाट राखलेली असते. फोनला काही क्षण टॉवर मिळाला तरी काम होतं. पुढे घेणाऱ्याचा फोन बंद असला तर मेसेज कंपनीच्या एसएमएस केंद्रात थांबतो आणि पुन्हा पुन्हा पाठवला जातो.

पण याचा अर्थ एसएमएस लगेच पोचतो असा नाही. रिंगणाच्या वेळी संकेतांची वाहिनीही तुंबते, आणि दुपारी दोनला पाठवलेला मेसेज चारला पोचल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून माझा पहिला नियम: वेळ मजकुरातच लिहा. ‘नीरा स्नान झालं’ एवढंच आलं तर ते कधी झालं ते कळत नाही; ‘११:३० नीरा स्नान झालं’ म्हटलं की उशिरा पोचलं तरी ते खोटं ठरत नाही. दोन-तीन मेसेज पाठोपाठ असतील तर पुढे १, २, ३ घाला. ते उलटसुलट येतात.

मराठीचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण पैसे आणि भरवसा दोन्ही यात जातात. इंग्रजी एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीचं एकही अक्षर आलं की सबंध मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या पण जास्त जागा घेणाऱ्या संकेतांत जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब असेल तर तुकडे पडतात, आणि तुकडे जोडण्याची माहिती घालायची असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. शिवाय यंत्र अक्षर मोजतं ते आपल्यासारखं नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्रीक्षेत्र’ डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द. एसएमएसमध्ये तो ११ जागा खातो.

हे उदाहरण बघा: ‘लोणंदला पोचलो. सर्व सुखरूप. उद्या तरडगाव.’ आपण मोजलं तर जागा आणि पूर्णविराम धरून २८ भरतात. यंत्र ४१ मोजतं. म्हणजे वेळ आणि तंबूची खूण घालायला २९ जागा उरल्या. ‘सायं. ५, टाकीजवळ’ हे त्यात आरामात बसतं. ‘श्रीक्षेत्र आळंदी ते श्रीक्षेत्र पंढरपूर पायी वारी सोहळा’ हे रोज सुरुवातीला लिहायची काकांची इच्छा असेल तर ते पेजवर घरचा माणूस लिहील, मेसेजमध्ये नको. तुकडे जितके जास्त, तितकी एखादा मागे राहण्याची शक्यता जास्त, आणि एक तुकडा जरी आला नाही तरी बऱ्याच फोनवर आख्खा मेसेज दिसत नाही. रोमन लिपीत मराठी लिहिली तर १६० मिळतात, आणि काकांचा हात त्यात बसलेला असेल तर खुशाल लिहू द्या. पेजवर चढवताना देवनागरी करता येते.

आता घरच्या टोकाला काय करायचं? इथे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी एकच उत्तर देत नाही.

गावात किंवा पुण्यात असा एखादा माणूस असेल जो दिवसातून तीन-चारदा फोन पाहतो आणि जबाबदार आहे, तर यंत्राच्या भानगडीत पडूच नका. त्याला पेजचा प्रवेश द्या, काका त्याला एसएमएस करतील, तो वाचून पोस्ट करेल. अशा दोन व्यक्ती ठेवा आणि काकांनी दोघांनाही पाठवावं, म्हणजे एक कामात असला तरी अडत नाही. बहुतेक दिंड्यांना मी हेच सुचवतो. माणूस शुद्धलेखन सुधारतो, चुकीचं गाव लिहिलं असेल तर परत विचारतो, आणि काय जाहीर करायचं नाही ते त्याला कळतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. वाटेत कुणाला चक्कर आली, सलाईन लावलं, तर काका सवयीने तेही कळवणार. ते घरच्यांना आधी फोनवर कळायला हवं. पेजवर वाचून कळू नये.

असा माणूस नसेल, किंवा मध्यरात्री आलेला मेसेजही लगेच दिसायला हवा असेल, तर जुना अँड्रॉइड फोन मध्ये बसवा. त्यात एक चालू सिम, घरचं वायफाय, आणि आलेला एसएमएस पुढे ढकलणारं ॲप. टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइड या ॲपमध्ये हे करता येतं: अमुक नंबरवरून एसएमएस आला की त्यातला मजकूर अमुक ठिकाणी पाठव, एवढा नियम लिहायचा.

ते अमुक ठिकाण कोणतं, यावर माझं मत ठाम आहे: टेलिग्राम चॅनल. कारण तिथे हे काम अधिकृतपणे, फुकट आणि सोपं आहे. टेलिग्राममध्ये बॉटफादर नावाचं खातं शोधा, त्याच्याकडून नवा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं खातं, तयार करून घ्या, तो एक लांबलचक टोकन देतो. बॉटला चॅनलचा ॲडमिन करा आणि ॲपमध्ये टोकन, चॅनलचं नाव आणि मजकूर एवढं भरा. टोकन म्हणजे किल्ली आहे. त्याचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

फेसबुक पेजवरही आपोआप पोस्ट करता येते, पण त्यासाठी मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडे ॲपची नोंदणी, परवानग्या आणि मुदत संपणारी टोकन सांभाळावी लागतात, किंवा मधल्या एखाद्या सेवेला पैसे द्यावे लागतात. ऐन वारीत टोकन संपलं तर दुरुस्त करायला कोण बसणार? फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर बाहेरच्या ॲपने पोस्ट टाकण्याची परवानगी ऑगस्ट २०१८ पासून नाही, आणि ग्रुपसाठीचीही एप्रिल २०२४ मध्ये काढली. म्हणजे तुमचं ‘पेज’ खरोखर पेज आहे की ग्रुप, ते आधी पाहा. बोलण्यात आपण दोन्हीला पेजच म्हणतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपवर यंत्राने टाकण्याचे जुगाड यूट्यूबवर दिसतील. ते करू नका, नंबर कायमचा बंद होऊ शकतो. आणि एक्स, म्हणजे जुनं ट्विटर, याने २०२३ मध्ये बाहेरच्या ॲप्सच्या फुकट प्रवेशाला कात्री लावली, त्यामुळे जुने लेख वाचून तिकडे वेळ घालवू नका.

म्हणून मी असं लावतो: एसएमएस आपोआप टेलिग्रामवर, आणि तिथून फेसबुक पेजवर माणसाने. दिवसातून एकदा, मुक्कामाला पोचल्यावर. टेलिग्रामवर घरची माणसं लगेच पाहतात. पेजवर जे जातं ते कुणीतरी वाचून गेलेलं असतं.

यंत्र वापरणार असाल तर दोन कुलपं लावाच. एक, फक्त ठरावीक नंबर. काकांचा आणि आणखी एकाचा. दुसरं, मेसेजच्या सुरुवातीला चार आकडी गुप्त क्रमांक. तो असेल तरच चॅनलवर जाईल, आणि जाताना ॲपने तो खोडून टाकावा. नंबर खोटा घालता येतो हे वर सांगितलंच, म्हणून एका कुलपावर भागत नाही. या आकड्याचा दुसरा उपयोग असा की आकड्याविना आलेला मेसेज चॅनलवर न जाता फक्त दोन-तीन जबाबदार माणसांच्या खाजगी ग्रुपवर पाठवता येतो. औषधं हवीत, ट्रक बिघडला, कुणी आजारी आहे, हे तिकडे जाईल. काकांना एवढंच समजावा: आकडा घातला की गावाला कळणार, नाही घातला की आपल्यातच राहणार.

शब्दाऐवजी आकडा का? बटणांच्या फोनवर रोज तोच शब्द तंतोतंत टाइप होत नाही, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, आणि यंत्राला ते चालत नाही. आकड्यातही एक खोच आहे: फोन मराठीत असला तर काहींवर देवनागरी आकडे उमटतात, काहींवर इंग्रजी. माणसाला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. म्हणून नियमात दोन्ही रूपं घाला. ही एक गोष्ट राहून गेली की लोक दिवसभर ‘मेसेज जातच नाही’ म्हणत बसतात.

मधल्या फोनची काळजी. सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर काही तासांनी अँड्रॉइड त्याला झोपवतं. रीस्टार्ट झाल्यावर ॲप आपोआप सुरू होतं का ते पाहा, कारण पावसाळ्यात गावाकडे वीज जाणारच. वायफाय विजेबरोबर बंद पडत असेल तर सिमवर थोडा डेटा ठेवा. महिनाभर चार्जरवर लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते. टायमरचा प्लग लावून दिवसातून काही तासच चार्ज करा. आणि त्या फोनवर गुगल मेसेजेसमधलं आरसीएस बंद करा. आरसीएसने आलेला मेसेज दिसतो एसएमएससारखाच, पण तो इंटरनेटवरून आलेला असतो आणि पुढे ढकलणारी ॲप्स बहुतेक वेळा त्याला ओळखत नाहीत.

दिंडीतल्या तरुण मुलांच्या स्मार्टफोनवरही हेच करायला सांगा. गर्दीत त्यांचे मेसेज अडकतात, ते आरसीएसमुळे. फोन इंटरनेटने पाठवायचा प्रयत्न करत बसतो. काही फोन लांब एसएमएसचा आपोआप एमएमएस करतात, त्यालाही डेटा लागतो. काकांच्या बटणांच्या फोनला यातलं काहीच आड येत नाही, म्हणून बातमीचा मुख्य फोन तोच ठेवा. एवढं पाहा की टूजीच्या जुन्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. सिम कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर मी छातीठोक सांगणार नाही. वाल्ह्यात एक चांगलं चालतं तर नातेपुत्यात दुसरं. दोन सिमचा फोन आणि दोन वेगळ्या कंपन्या, हे उत्तम.

रिचार्ज करताना पॅकमध्ये एसएमएस आहेत का ते विचारा. अगदी स्वस्त पॅकमध्ये नसतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ पासून ते आले. काकांना तसाच पॅक बरा. एसएमएसची मर्यादा या पॅकनाही असते, पण ती तुम्हाला भरपूर आहे. तुमच्या खाजगी एसएमएसला डीएलटीची, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांना करावी लागणारी नोंदणी वगैरे काही लागत नाही. मात्र सगळ्या घरांना रोज एसएमएस पाठवायचा विचार पुढे आलाच, तर तो वेगळा विषय आहे. साध्या सिमवरून तो प्रयत्न करू नका.

फोटोचं विचारलंत. एसएमएसवर फोटो जात नाही. रात्री उशिरा गर्दी झोपल्यावर डेटा बऱ्यापैकी चालतो, तेव्हा एखादा मुलगा दिवसाचे दोन फोटो पाठवू शकेल. तोवर पोस्ट मजकुराचीच राहू द्या. घरी बसलेला माणूस उत्साहाने गेल्या वर्षीचा रिंगणाचा फोटो जोडतो, ते मला पटत नाही. घरची मंडळी त्या फोटोत आपलं माणूस शोधतात. जोडायचाच असेल तर खाली वर्ष लिहा.

मुलाचा प्रश्न यातच सुटतो. टेलिग्रामचं चॅनल सार्वजनिक ठेवलं तर त्याचं पान ब्राउझरमध्ये ॲपशिवायही उघडतं, त्यामुळे मस्कतला दुव्यावर टिचकी मारली की झालं. काकांनी त्याला वेगळा परदेशी एसएमएस करायची गरज नाही. तो पॅकमध्ये धरला जात नाही आणि पैसे वेगळे कापले जातात. सार्वजनिक चॅनल कुणीही पाहू शकतं, म्हणून त्यावर वारकऱ्यांचे मोबाईल नंबर आणि आजारपणं नकोत.

प्रस्थानाच्या आधी निदान आठवडाभर हे चालवून पाहा. काकांना शेतावर, बाजारात, एसटीत असताना रोज एक मेसेज करू द्या: एक आकड्यासह, एक आकड्याविना, एक मुद्दाम लांब. मधला फोन एकदा बंद करून चालू करा आणि थांबलेले मेसेज नीट येतात का पाहा. एकदा घरचं वायफाय काढून ठेवा. या सगळ्यातून काय बिघडतं ते इथेच लिहा, सोबत काकांच्या फोनचं आणि मधल्या फोनचं मॉडेल द्या, म्हणजे नियम कसा लिहायचा ते ओळीने सांगतो.